दुसरं मेंडोलिन

दर रविवारी दुपारी चार वाजता मी लालबागच्या आमच्या खोलीत मोबाइल घेऊन बसते आणि स्वतःचं डोकं फिरवून घेते. जुन्या गाण्यांच्या वेड्यांचा आमचा ग्रुप. कोणीतरी गाण्यामधल्या नुसत्या वाद्यांचा चार सेकंदांचा तुकडा टाकायचा, बाकीच्यांनी गाणं ओळखायचं. जो ओळखेल, तो पुढचा तुकडा टाकणार. खेळ साधा आहे, माणसं साधी नाहीत. फोन कानाशी धरावा तर मध्येच कोणाचा तरी गुलाबाच्या फुलासकट शुभ रविवार येऊन पडतो. खाली गल्लीत ढोलपथकाचा सराव. आणि मी पहिला सूर पकडते न पकडते तोच गिरगावच्या एका काकांचं उत्तर हजर, पुढे तीन उद्गारचिन्हं. दर वेळी! हा माणूस जेवतो कधी, झोपतो कधी, देव जाणे.

वर्षभर मी एकदाही जिंकले नव्हते, आणि मला जिंकायचंच होतं. माझा तुकडा ठरलेला होता. बाबा गिरणीतली पाळी सांभाळून सिनेमाच्या रेकॉर्डिंगला मेंडोलिन वाजवायला जायचे. त्यांचं नाव कधी कुठे छापून आलं नाही. पण एका गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये जे मेंडोलिन आहे ते बाबांचं, हे अख्ख्या चाळीला माहीत होतं, कारण आईने सांगितलं होतं. आई आता नाही, बाबांनी पंच्याऐंशी ओलांडली. त्यांना ऐकू येतंय तोवर चार जाणकारांनी वाहवा म्हणावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी त्या गिरगावकरांना एकदा तरी उशीर व्हायला हवा होता.

शेवटी देवालाच दया आली. एका रविवारी काका सत्यनारायणाच्या पूजेला बसले होते, फोनला हात लावता येईना. मी जिंकले. लगेच माझा तुकडा टाकला. गाणं दोघातिघांनी ओळखलं. मग मी ऐटीत विचारलं, मेंडोलिन कोणाचं? कोणालाच येईना. थोडं ताणून धरलं आणि लिहिलं, माझ्या वडिलांचं. टाळ्या काय, नमस्कार काय, कोणी दंडवत घातला. माझे डोळे भरून आले. आवाज वाढवून मी तो तुकडा बाबांना ऐकवला.

बाबांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "हा मी नाय गो."

"म्हणजे?"

"शेजारी बसलेला, तो. हात बघ किती हलका आहे. मी मागे नुसता भरायला होतो. दुसरं मेंडोलिन. तुला ऐकू पण नाय येणार."

"आणि आई सांगायची ते?"

"तिला तेव्हाच सांगितलेलं. म्हणाली, आता चाळभर सांगून झालंय, राहू दे."

अस्सा संताप आला! "बाबा, इतकी वर्षं राहू दिलंत, मग आजच कुठून सुचलं? कोण विचारायला येतंय आता?"

"चाळीत चाललं. हे कानवाले लोक आहेत. त्याचं नाव लिही."

"मी नाही लिहिणार. हसतील मला."

"हसू देत. त्याची पण असेल एखादी पोरगी, अशीच फोन घेऊन चिडत बसलेली."

शेवटी बाबांना पुन्हा विचारून त्या माणसाचं नाव नीट लिहिलं, चूक झाली म्हणून माफी मागितली. बाबांबद्दल अक्षर लिहिलं नाही. ग्रुपवर एकाने अंगठा टाकला, एकाने फुलं. मी फोन पालथा ठेवून भांडी घासायला उठले.

संध्याकाळी काकांची पूजा आटोपली असावी, कारण त्यांचा मेसेज आला. आता हे आणखी काय अक्कल शिकवणार म्हणून चरफडतच उघडला. त्यांनी लिहिलं होतं, "हेडफोन लावून ऐकलं. मागे अगदी बारीक दुसरं मेंडोलिन आहे. ते कोणी वाजवलंय?"

त्या माणसाला उत्तर येत नव्हतं. मी बाबांचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे तीन उद्गारचिन्हं दिली.