दोनशे वाघांची वर्गवारी

व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, माझ्या कपाटावरच्या वाघाला एकच कान का. तर ऐका.

तुमच्या आजोबांचं आदिलाबादेत बी-बियाण्यांचं दुकान. जैनथकडच्या मळ्यांत माकडं वांगी शिल्लक ठेवेनात, तेव्हा त्यांना सुचलं की चीनमधून मोठे कापडी वाघ मागवायचे आणि राखणीसाठी शेतकऱ्यांना विकायचे. नमुन्याचा वाघ कुरिअरने आला. दोनशे वाघ जहाजात चढायला तयार होते. अडलं ते कागदावर.

मुंबईच्या कस्टम्स एजंटने फोनवर विचारलं, माल कशात दाखवायचा? खेळण्यांत दाखवला तर कर जास्त, शिवाय सरकारी प्रमाणपत्र हवं. ते कारखान्याकडे नव्हतं.

"खेती का सामान लिखो," आजोबा म्हणाले.

"लिख दूँगा सेठ. पर माल आपका, दस्तखत आपकी, और गलत निकला तो जुर्माना भी आपका."

आजोबा माझ्याकडे वळले. "तू इंग्रजी शिकली ना? नियम वाच अन् सांग, हे शेतीचंच हाय."

मी चष्मा लावून दोनदा वाचलं. "अहो, हे खेळणंच आहे."

"काऊन? मी काय याच्यासंगं खेळून राह्यलो?"

"तुरीच्या डाळीच्या डब्यावर मी 'वरण' लिहिते का? आत असेल ते लिहिते."

"डब्याले माकडं भेत नाहीत. वाघाले भेतात."

"पाहिलंत?"

पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षांत दुकानाला एक नोटीस आली नव्हती. या वयात खोटी सही नको, एवढंच माझं म्हणणं. ठरलं, माकडं पळाली तरच सही. मला ही परीक्षा मान्य नव्हती, पण निदान सही एक दिवस पुढे गेली.

सकाळी ओळखीच्या मळ्यात बांधावर वाघ बसवला आणि आम्ही दूर एका बाजेवर बसलो. माकडं आली, थबकली. आजोबांनी मिशीवर हात फिरवला. मग एक म्हातारी माकडीण पुढे झाली आणि वाघाच्या डोक्यातल्या उवा शोधू लागली. एक पिल्लू त्याच्या पाठीवर चढलं. दुसऱ्याने कान उपटून पळवला, तशी सगळी टोळी त्याच्यामागे.

"वांगी तरी वाचली," मी म्हणाले.

"चूप बस, मास्तरीणबाई."

त्यांनी तिथूनच फोन लावला. "माल कॅन्सल करो. खिलौना है."

"पक्का, सेठ? किसने बताया?"

आजोबांनी एक कान गेलेल्या वाघाकडे पाहिलं. "बंदरों ने."

वाघाच्या पोटावर मी चिठ्ठी चिकटवली आहे: खेळणं.