साडूंची निळी पिकअप

आम्ही दोघे साडू एकाच कारखान्यातून एकाच दिवशी घरी आलो. हिंजवडीच्या बाजूला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि आमच्यासारख्यांचे कारखाने एकेक करून माणसं कमी करत होते, तो काळ. त्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणायचे. स्वेच्छा कोणाची, हे विचारायची पद्धत नव्हती.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळ कात्रज गावातले. कात्रज शहरात गेलं, शेती बिल्डरांकडे गेली, भावाभावांत वाटण्या होऊन यांच्या वाट्याला रस्त्यालगतचं एक बैठं घर आणि समोरची मोकळी जागा तेवढी राहिली. मी वारज्यात राहायचो. कारखान्यात ते प्रेसवर आणि मी लेथवर. डबा मात्र वर्षानुवर्षं एकत्र खाल्ला. ते वयाने मोठे, पण मला कधी अरे-तुरे केलं नाही. कायम "पाहुणं."

मिळालेल्या पैशांचं काय करायचं यावर दोन्ही घरांत चर्चा झाली. वय चाळिशी ओलांडलेलं, हातात लोखंडाचं काम, कॉम्प्युटर बघितला तो बँकेत. मार्केट यार्डात गाळेवाल्यांना मालवाहतुकीला छोट्या गाड्या लागतात असं कळलं, तेव्हा दोघांनीही डिझेल पिकअप घ्यायचं ठरवलं. इथपर्यंत एकमत होतं. कंपनी कोणती, यावर मात्र फाटलं.

मी जुन्या, माहितीतल्या कंपनीची पांढरी गाडी घेतली. इंजिन साधं, आवाज मोठा, सीट फळीसारखी, स्टिअरिंग फिरवताना खांदे भरून यायचे. पण कुठल्याही टपरीवजा गॅरेजमधला माणूस ती उघडू शकायचा. साडूंनी त्याच्या बरोबर विरुद्ध कंपनीची घेतली. बाजारात नवीनच आलेली, निळी, आतून मोटारीसारखी. हेडलाइट मोठे, इंजिनाचा आवाज मऊ.

"पाहुणं, तुमची गाडी हाय का पिठाची चक्की?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं.

"चक्की बंद पडत नाही, साडूभाऊ."

"आमची बी न्हाई पडायची. बगा तुम्ही."

मग हा आमचा नेहमीचा विषय झाला. बारसं असो की वास्तुशांत, जेवणं झाली की आम्ही दोघे अंगणात. लिटरला किती पडते, क्लच किती दिवसांनी बदलला, स्प्रिंगचे पाटे वाकले का, थंडीत कितव्या सेल्फला उठते. बायका हसायच्या. आक्का, म्हणजे साडूंची बायको, म्हणायच्या, "ह्यांना दोघांना एकेक सून आणल्यागत झालंय."

साडूंची गाडी पहिलं वर्षभर छान चालली. नंतर तिने एक खोड काढली. चालता चालता डिझेलच्या लाइनीत हवा धरायची आणि इंजिन गप्प व्हायचं. मग खाली उतरायचं, फिल्टरवरचा हातपंप दाबून दाबून हवा काढायची, पुन्हा सेल्फ मारायचा. कधी लगेच उठायची, कधी तासभर नाही. हे त्यांनी मला सांगितलं नाही. मला मार्केट यार्डातल्या हमालांकडून कळलं. मी विचारलं तर म्हणाले, "एकदा झालं. डिझेल खराब व्हतं."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या दोन्ही गाड्यांना एकदमच काम आलं. एका बटाट्याच्या व्यापाऱ्याचा माल शिरवळला जायचा होता. दोन्ही गाड्यांत सारख्याच गोण्या भरल्या. साडूंचे डोळे चमकले.

"आज होऊनच जाऊ द्या. कात्रजच्या जुन्या घाटानं जाऊ. बोगद्याशी आदी कोन पोचतंय ते बगू."

मी कशाला नको म्हणेन? मला खात्रीच होती.

दुपारची वेळ, डांबर पायाला चिकटेल असं ऊन. निम्म्या घाटापर्यंत आम्ही मागेपुढे होतो. मग माझ्या गाडीचा तापमानाचा काटा वर सरकायला लागला. मी दुसरा गिअर टाकला, मग पहिला. बॉनेटच्या फटीतून वाफ दिसली तेव्हा कडेला घेतली. निळी गाडी हॉर्न वाजवत, न अडखळता, वळण घेऊन वर गेली. मी रेडिएटर थंड व्हायची वाट बघत कठड्यावर बसलो. खाली कात्रज पसरलेलं, डेअरीचं आवार, नव्या इमारतींचे सांगाडे. बऱ्याच वेळाने बोगद्याशी पोहोचलो तर साडू रसाच्या गाड्याजवळ दोन ग्लास घेऊन उभे.

"दमली का तुमची पांढरी?"

त्यांना एवढं खूश मी लग्नात पण पाहिलं नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्या ड्रायव्हरांना बोलावून सांगत होते. निळ्या बॉनेटवर हात ठेवत होते, चटका बसला की काढत होते, परत ठेवत होते.

ती गोष्ट आठवड्याभरात सगळ्या मार्केट यार्डात झाली. तिथे भाजी घ्यायला एक कंत्राटदार यायचा. हिंजवडीच्या एका मोठ्या आयटी कंपनीचं कॅन्टीन त्याच्याकडे होतं. त्याला दोन गाड्या कायमच्या हव्या होत्या. एक भाजीसाठी, एक सकाळच्या दूध-दह्यासाठी. भाजी मला दिली. दूध साडूंना.

"भाजी तासभर उशिरा आली तर चालेल," तो म्हणाला. "दूध उशिरा आलं की हजार माणसं चहाशिवाय बसतात. म्हणून जी घाट चढली ती गाडी मी दुधाला घेतोय."

साडूंनी गाडीला हार घातला. कंत्राटदाराने टी-शर्ट दिला होता, तो आक्कांनी इस्त्री केला. थोरल्या मुलीला त्याच कामाच्या भरवशावर इंजिनिअरिंगला घातलं. मला मनातून भीती वाटत होती, पण घाटात हरलेल्याने काय बोलायचं?

पावसाळ्यापर्यंत दूध वेळेवर गेलं. मग एका सकाळी बायपासवर वारज्याच्या पुलाखाली गाडी थांबली. मी भाजी घेऊन मागून येत होतो. साडू पावसात उभे, बॉनेट उघडं, हातपंप दाबतायत. मीही उतरलो. आळीपाळीने दाबला. पंपातून नुसता फेस. दूध माझ्या गाडीत भाजीवर चढवलं आणि नेलं. कॅन्टीनमध्ये रांग लागली होती. गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं रिकाम्या मशीनकडे बघत होती. कंत्राटदाराने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

तसं पुन्हा झालं, आणि पुन्हा. साडूंनी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. मी बरोबर होतो. तिथले लोक दोन दिवस ठेवून घ्यायचे, आणि सांगायचे, दोष सापडला नाही. पंप बदलला, पाइप बदलले, टाकी धुतली. तिथे ती कधीच बंद पडली नाही.

"मग माझ्याकडंच का बंद पडती?" साडूंनी तिथल्या सुपरवायझरला विचारलं.

तो पेन बंद करत म्हणाला, "काका, गाडी आमच्याकडे उत्तम चालते. तुम्हीच इथे राहायला या."

बाकीचे हसले. साडू पण हसले. परत येताना कात्रज आल्यावर ते म्हणाले, "गाडी चांगलीच हाय, पाहुणं. कुटंतरी एकच बारीक भोक असनार. ते घावलं की संपलं."

ते भोक शेवटपर्यंत घावलं नाही. दिवाळीच्या आधी कंत्राटदाराने मला बाजूला घेतलं आणि दुधाची फेरी मीच करावी असं सांगितलं. मी संध्याकाळी कात्रजला गेलो. कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होतो, तर साडूच म्हणाले, "घ्या तुम्ही. घरातच ऱ्हातंय की." आक्का आत भाकरी थापत होत्या. त्यांचा हात क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला.

यानंतर ते फार बदलले. गाडी विकायला काढली, तर त्या कंपनीने ते मॉडेलच बंद केलं होतं. गिऱ्हाईक यायचं, बॉनेट उघडायचं, मिटायचं, जायचं. संध्याकाळी ते अंगणातल्या गाडीत काचा लावून बसतात, असं आक्कांनी माझ्या बायकोला सांगितलं. रेडिओ नाही, काही नाही, नुसते स्टिअरिंगवर हात ठेवून. "जेवायला हाका मारून मारून दमते गं," म्हणाल्या.

मुलीची फी थांबणार नव्हती. कोणीतरी त्यांना सिक्युरिटी एजन्सीत लावलं. ड्युटी लागली ती त्याच आयटी कंपनीच्या मागच्या गेटवर, जिथून माल आत जातो. मला ठाऊक नव्हतं. एका सकाळी गेटवर गाडी थांबवली, आणि निळ्या शर्टात, सैल टोपीत साडू पुढे आले. हातात लांब दांड्याला लावलेला आरसा. गाडीखाली बॉम्ब वगैरे आहे का ते बघायचा.

मी खाली उतरायला लागलो.

"बसा, बसा," ते म्हणाले. "उतरायची परवानगी न्हाई."

त्यांनी आरसा गाडीखाली घातला. पुढून, मग दोन्ही बाजूंनी, मग मागून. नियमापेक्षा जास्त वेळ. नंतर खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "सायलेन्सरच्या मागं गंज धरलाय. पाटे बाकी झ्याक हायेत."

पुढची काही वर्षं रोज सकाळी हे चाललं. त्यांनी माझ्या गाडीचं पोट जेवढं बघितलं तेवढं मीसुद्धा बघितलेलं नाही. कधी ऑइल गळत असेल तर सांगायचे. मी गॅरेजला दाखवायचो, आणि खरंच गळत असायचं. आपल्या निळ्या गाडीचा विषय त्यांनी काढला नाही. मलाही काढवला नाही. सणावाराला भेटलो तर ते ताटावरून उठून सरळ झोपायला जायचे.

मुलगी पास झाली. पण ती पास झाली त्या वर्षी कंपन्यांनी भरती थांबवली होती. ज्या गेटवर बाप उभा होता, त्याच कंपनीत तिने अर्ज केला. मुलाखतीपर्यंत गेली आणि तिथेच अडकली. शेवटी कात्रजच्याच एका क्लासमध्ये शिकवायला लागली.

माझं सांगायचं तर माझी गाडी एकदाही बंद पडली नाही. तरी काम गेलं. कॅन्टीन एका बाहेरच्या मोठ्या कंपनीने घेतलं. त्यांच्या स्वतःच्या थंड पेटीच्या गाड्या होत्या, प्रत्येक गाडी कुठे आहे ते ऑफिसात बसून पडद्यावर दिसायचं. मला एका पोराने इंग्रजी मिसळून सांगितलं, "अंकल, तुमचा परफॉर्मन्स एकदम गुड आहे, बट आता पॉलिसी चेंज झाली." मी गेटबाहेर पडलो तेव्हा साडूंनी आरसा लावला नाही. बाहेर जाणाऱ्या गाडीला लावत नाहीत.

मार्केट यार्डातही तोवर पोरांच्या नव्या गाड्या आल्या होत्या. मी कधीमधी एखादी फेरी करायचो. बाकी दिवस गाडी सोसायटीच्या भिंतीला. रोज सकाळी सेल्फ मारायचो, पहिल्या झटक्यात उठायची. पाच मिनिटं चालू ठेवून बंद करायची. जायचं कुठे?

अशाच एका सकाळी साडूंचा फोन आला. "पाहुणं, ब्याटरी घेऊन या. लगोलग."

कात्रजला पोहोचलो तर त्यांच्या घरासमोर अतिक्रमण खात्याची क्रेन उभी. रस्ता रुंद होणार होता. अंगणाचा पुढचा भाग केव्हाच रस्त्यात धरलेला होता, आणि निळी गाडी नेमकी तिथे. तिच्या काचेवर बेवारस वाहन म्हणून कागद चिकटवलेला. टायर जमिनीत बसलेले, बॉनेटवर आक्कांच्या वाळवणाचं फडकं.

"बेवारस न्हाई ही," साडू खात्याच्या साहेबांना सांगत होते. "मालक हितं उभा हाय. चालू गाडी हाय."

साहेब कंटाळलेले होते, वाईट नव्हते. म्हणाले, "चालू आहे ना? मग आपण चालू करून न्या. आम्ही कशाला उचलू?"

मी माझी बॅटरी काढून त्यांच्या गाडीला जोडली. डब्यातून आणलेलं डिझेल ओतलं. साडू हातपंप दाबायला बसले. वय झालेलं, पण मला हात लावू दिला नाही. बघायला आजूबाजूच्या इमारतींतली माणसं गॅलऱ्यांत आली. साडू आत चढले, सेल्फ मारला. नुसती घरघर. पुन्हा पंप, पुन्हा सेल्फ. एकदा काळा धूर निघाला आणि इंजिनाने खरंच धरलं. गाडी सबंध हलली. साडूंनी माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मला आता आठवायला नको वाटतो. मी ओरडलो, "रेस द्या, रेस!" त्यांनी दिली, आणि ती बंद पडली. त्यानंतर काहीच झालं नाही.

"झालं?" साहेबांनी विचारलं.

साडू खाली उतरले. दार लावलं, ते नीट लागलं नाही म्हणून पुन्हा लावलं. क्रेनवाल्यांनी गाडीला पट्टे घातले आणि ती वर गेली. वर गेल्यावर ती फार हलकी दिसत होती. तिच्याखालून पाचोळा, एक चप्पल आणि कुत्रीची दोन पिल्लं बाहेर पडली. क्रेन निघाली तशी आक्का खराटा घेऊन आल्या आणि कोणाशी न बोलता ती जागा झाडायला लागल्या. पिल्लं त्यांच्या पायात घोटाळत होती.

मी बॅटरी परत माझ्या गाडीला बसवली. साडू घरात जाऊन युनिफॉर्म घालून आले. त्या दिवशी त्यांची दुपारची ड्युटी होती आणि खाडा केला तर पगार कापायचे. मी म्हटलं, "चला, सोडतो." ते माझ्या गाडीत पहिल्यांदाच बसले. इतक्या वर्षांत कधीच बसले नव्हते.

"कडक हाय सीट," ते म्हणाले.

मी त्यांना हिंजवडीच्या गेटवर सोडलं. पुढच्या वर्षी पांढरी गाडी मी भंगारात दिली. तीसुद्धा चालू होती.