व्हानिनाचं माउथगार्ड

खाटकाच्या तराजूकडे व्हानिना अशी बघायची की बिचारा स्वतःहून तुकडाभर जास्त टाकायचा. शेजारीण फार गोड बोलली की ही घरी येऊन आधी कडी नीट लागली आहे का ते पाही. अर्जेंटिनातल्या पाराना शहरात हिच्या दृष्टीने सरळ माणसं दोनच होती. एक ती स्वतः, आणि दुसरी सोलेदाद. त्या सोलेदादवरसुद्धा संशय घ्यायची वेळ आली ती एका निळ्या माउथगार्डामुळे.

दोघींच्या मुली एकाच शाळेत. त्या शाळेच्या आयांचा हॉकी संघ होता, सोलेदाद कप्तान आणि व्हानिना बचावाला. ऑफिसात, घरात, नवऱ्यासमोर हिला कोणी फारसं विचारत नसे. पण पेनल्टी कॉर्नरला गोलरेषेवर ती स्टिक टेकून उभी राहिली की समोरच्या बायका जरा दबकून असायच्या. आठवड्यातला सामन्याचा तेवढा एक तास तिचा स्वतःचा होता.

यंदा नवा नियम आला, माउथगार्ड, म्हणजे दातांवर चढवायचं रबरी कवच, नसेल तर मैदानात पाऊल नाही. सोलेदादने सगळ्यांसाठी एकाच रंगाची आणली आणि मंगळवारी स्वयंपाकघरात पातेलं चढवून एकेकीला बसवून दिलं. गरम पाण्यातून काढायचं, दातांवर चढवायचं, चावायचं, की ते त्या तोंडाचं होऊन जातं.

"ये, तुझं करून टाकू," ती म्हणाली.

"नको गं बाई. सगळ्यांची एकाच पातेल्यात! माझं मी घरी करीन."

"अगं, पातेलं माझं आहे, गटार नव्हे!"

पण व्हानिनाची नजर पातेल्यावर नव्हतीच. सोलेदादची भावजय यामिला याच वर्षी संघात आली होती, वयाने लहान, पायाने चपळ, आणि तीही बचावालाच. त्या दिवशी ती कामावर होती. तिचं माउथगार्ड सोलेदादने वेगळं काढून ठेवलेलं व्हानिनाने बरोबर टिपलं. वेगळं का बरं?

घरी तिने किटली लावली. पाणी कुजबुजायला लागलं की ती किटली आपोआप बंद होते. माते चहाचं पाणी उकळलं तर जळलं, त्यातली येर्बाची पानं वाया गेली, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. व्हानिनाच्या किटलीत तर कित्येक वर्षांत पाण्याला बुडबुडा आला नव्हता. त्या पाण्यात तिने माउथगार्ड बुडवलं, चावलं, बोटांनी दाबलं. बाहेर काढलं तर जसंच्या तसं.

सरावाला ते टाळूला टोचे, ओकारी येई. दात आवळून धरावं तर ओरडता येईना, आणि ओरडावं तर ते गवतावर पडे. बाकीच्या मात्र तोंडात घालून खुशाल गप्पा मारत होत्या.

"तुझंच कसं गं बसत नाही?" एकीने विचारलं.

"मलाही तेच कळत नाही," असं म्हणून व्हानिनाने सोलेदादकडे पाहिलं. तिला तर सगळं लख्ख कळलं होतं. चांगला माल भावजयीला, खराब मैत्रिणीला. शनिवारी अंतिम सामना. ही बाहेर बसणार आणि गोलरेषेवर यामिला! गोड बोलून गळा कापणं म्हणतात ते हेच.

गुरुवारी कपडे बदलायच्या खोलीत कोणी नव्हतं. यामिलाच्या पिशवीतल्या डबीत तिचं माउथगार्ड अजून कोरंच होतं. व्हानिनाने आपलं साबणाने धुऊन त्या डबीत ठेवलं आणि तिचं उचललं. मनात म्हणाली, माझंच मी परत घेतेय.

घरी पुन्हा किटली, पुन्हा चावणं. हेही बसेना! उलट पहिल्यापेक्षा घशाकडे जास्त गेलं.

शुक्रवारच्या सरावाला यामिला आली ती तेच, व्हानिनाने ठेवलेलं, घरी बसवून आणि दातांवर चढवून. पळाली, ओरडली, खदखदा हसली. "किंचित आखूड आहे, पण मस्त बसलंय!" म्हणाली. खराब म्हणून जे दिलं तेच चांगलं निघालं, आणि चांगलं म्हणून जे घेतलं ते असं. आता संशय घ्यायचा तरी कोणावर?

सराव संपताच ती मुकाट्याने सोलेदादच्या दारात उभी राहिली. "कर बाई तूच काय ते."

सोलेदादने पातेलं चढवलं. पाण्याला बुडबुडे फुटले, खळखळाट सुरू झाला. व्हानिना धावलीच. "बंद कर! पाणी जळलं!"

"अगं वेडे, माते करतोय का आपण? उकळल्याशिवाय हे मऊ होईल कसं? तू कशात बुडवलंस?"

व्हानिनाने सांगितलं. सोलेदाद हसून हसून खुर्चीत बसली. मग तिने माउथगार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, आणि तिचं हसू थांबलं.

"हे तर मोठं आहे." तिने मान वर केली. "तुझं मी लहान आणलं होतं. दातवाल्याकडे तुला ओकारी येते ना, म्हणून. त्या एका लहानासाठी तीन दुकानं फिरले होते."

व्हानिनाची मान खाली गेली. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती.

सोलेदादने कात्री घेऊन मागची दोन्ही टोकं कापली, काठ गोल केले, ते उकळत्या पाण्यात सोडलं, काढलं, क्षणभर गार पाण्यात धरलं आणि हिच्या दातांवर चढवलं.

"चाव. बोलू नकोस. यामिलाच्या पिशवीतून?"

व्हानिनाने मान हलवली. डोळ्यांतलं पाणी गालांवरून सोलेदादच्या अंगठ्यांवर आलं.

"उद्या सामन्याआधी तिला तूच सांगायचंस. मी नाही सांगणार."

पुन्हा मान हलली. सोलेदाद दोन्ही गालांवरून अंगठे दाबत राहिली. ती हवं त्यापेक्षा जरा जास्तच जोरात दाबत होती. मैत्रिणीवर संशय घ्यायला व्हानिनाला आज पहिल्यांदाच खरं कारण होतं, तरी ती डोळे मिटून, चेहरा तिच्या हातात देऊन बसून राहिली.