आक्काचा नमुना पाठ

निपाणीच्या स्टँडवर बस थांबली की वखारींतल्या तंबाखूचा उग्र वास खिडकीतून आत येतो आणि मला माझी थोरली बहीण, आक्का आठवते. बेळगावच्या एका इंग्रजी शाळेत नोकरीसाठी ती नमुना पाठ द्यायला निघाली, तेव्हा सोबतीला मी होते. वडिलांनंतर घराला त्या पगाराची गरज होती. इंग्रजीतल्या ‘ए’ आणि ‘द’चा फरक ती बसभर मलाच शिकवत होती. “कुठलंबी कुत्रं दारात आलं तर ‘ए’. रोज भाकरी खाऊन जातंय तेच आलं तर ‘द’. कळलं न्हवं?” वर्गात तिनं सुरुवात इंग्रजीत केली. मुलं नुसतीच बघत राहिली, तशी ती नकळत मराठीत शिरली आणि मुलांचे चेहरे खुलले. मागून मुख्याध्यापिका म्हणाल्या, “बाई, इथं मराठी चालत नाही.” तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलीनं मराठीतच शंका विचारली. आक्कानं एकदा मागं पाहिलं आणि त्या मुलीला सगळं मराठीतच समजावून सांगितलं. नोकरी मिळाली नाही. परतताना ती एवढंच म्हणाली, “पोरगी इचारत हुती गं. अर्ध्यात कसं सोडू?” घरी पुढं तो विषय कुणी काढला नाही. आक्काला जाऊन आता महिना होत आला. त्या मुलीला शेवटी ते समजलं होतं का, हे आक्काला विचारायचं राहूनच गेलं.