पडलेल्या साहेबाला पाय

कसाऱ्याच्या इंजिनशेडचा फोरमन स्कॉटलंडचा होता. तिकडे तो एका मोठ्या फुटबॉल क्लबाचा गोलकीपर होता. हाताची दोन बोटं मोडून वाकडी जुळली, क्लबाने काढून टाकलं, म्हणून इकडे नोकरीला आला. आमच्या गावातला पहिला बी.ए. मी, शहापूरच्या शाळेत मास्तर. साहेबाशी इंग्रजीत बोलणारा मी एकटाच, आणि त्याचा मला गर्व होता. उगाच नाही कशाला म्हणू?

भात कापून झालं की मोकळ्या खाचरात दर रविवारी मॅच. रेल्वेकडून साहेब गोलात, समोर आमची अनवाणी पोरं, त्यांच्यात मीही. तीन हिवाळे साहेबावर एकही गोल झाला नाही.

कारण साधं होतं. साहेब धावत येऊन पोरांच्या पायांशी झेप टाकायचा. पोरं पाय आखडून घ्यायची. चुकून पाय लागलाच, तर बॉल सोडून वाकायची, साहेबाच्या खांद्याला हात लावून नमस्कार करायची. तेवढ्यात बॉल साहेबाच्या पोटाशी.

"अरे मार की! खेळ आहे हा!" मी ओरडायचो.

"पडल्या मानसाला लाथ आमी नाय मारत, मास्तर."

"तुमीच मारा. बी.ए.वाल्याला पाप नाय लागत," दुसरा म्हणायचा, आणि सगळे खिदळायचे.

मीही कधी मारली नाही.

चौथ्या वर्षी साहेबाने राजीनामा दिला. तीन हिवाळे एकही गोल खाल्ला नाही, अशी पत्रं पाठवून पाठवून जुन्या क्लबाकडून त्याने एक चाचणी मिळवली होती. मी शेडमध्ये जाऊन त्याला सगळं खरं सांगितलं. तो पोट धरून हसला.

"नमस्कारासाठी गोल सोडतात? मला थांबवायचंय तर जरा बरी थाप मार."

मी शपथ घेतली. त्याने वाकडी बोटं माझ्यापुढे नाचवली. "बघ, अजून पकडतात." पुढे माझं इंग्रजी चालेना.

स्टेशनवर पोरांनी हार घातला. आमच्या सेंटर फॉरवर्डने त्याचे पाय धरले. साहेबाने त्याला उठवलं आणि माझ्याकडे बघितलं. हसला नाही. काही विचारणार, तोच गाडी सुटली.

सहा महिन्यांनी पत्र आलं. चाचणीबद्दल अक्षर नव्हतं. एकच प्रश्न होता: तीन वर्षांत एकदा तरी कुणी बॉल मनापासून मारला होता का?

उत्तर लिहायला मी चारदा बसलो. चारही वेळा 'प्रिय साहेब' एवढंच झालं.