मामींच्या भिंतीवर नसलेला भाऊ

मामींच्या समुद्राला नीळ लागायची, म्हणून मामांचे सदरे कायम पिवळट. कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला निघताना मामा कुरकुरायचे, "कापडाला थेंबभर तरी ठिव की." मामी म्हणायच्या, "कापडाकडं कोण बघतंय? समिंदर कोरडा कसा ठिवू?"

मालवणकडच्या किनाऱ्यावरून लग्न होऊन त्या कासुर्डीत आल्या, आमच्या शेजारी. चित्रं काढायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. दर दिवाळीला घराची दर्शनी भिंत चुन्याने पांढरी करायची आणि गेरू, कोळसा, नीळ घेऊन लहानपणचं गाव पुन्हा काढायचं. होड्या, माड, जाळं विणणारे वडील, मासे निवडणारी आई. त्या गर्दीत आम्ही कासुर्डीकरही असायचो. जन्मात समुद्र न पाहिलेले आमचे सरपंच फेटा बांधून होडीत बसलेले असायचे.

मात्र मामींशी वाकड्यात शिरलेला माणूस पुढच्या दिवाळीला भिंतीवरून गायब. "मनातनं उतरला, त्याला भिंतीवर कशाला ठिवायचा?" माझ्या आईने त्यांच्या सुक्या बांगड्याच्या वासाला नाक मुरडलं, तर वर्षभर आमच्या घरातली फक्त म्हैस भिंतीवर होती. दिवाळी जवळ आली की आई मला हळूच पाठवायची, "बघून ये गं, औंदा मी हाय का."

आईला माफी मिळाली. मामींच्या धाकट्या भावाला कधीच मिळाली नाही. त्यांची आई गेली तेव्हा त्याने दहावं उरकलं आणि मग कळवलं. बहीण घरात वाटा मागेल, ही खरी भीती. तोंडाने म्हणाला, तू लांब, उगीच धावपळ कशाला. "आईचं तोंड बघू दिलं न्हाई त्यानं," मामी मला म्हणाल्या. "माझी येळ येईल तवा त्यालाबी दहाव्यानंतर कळव. पोटचं कुनी न्हाई मला, हे काम तुझं." मी हो म्हटलं आणि मनापासून म्हटलं. मलाही त्या माणसाची चीडच होती.

एकदा तो आला. भिंतीचा फोटो कुणीतरी त्याला मोबाइलवर पाठवला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याने भिंत न्याहाळली. माहेरच्या दारातलं कुत्रंसुद्धा होतं तिथे. "आणि मी खंय गो?" त्याने विचारलं. मामी त्याच्याच बोलीत शांतपणे म्हणाल्या, "सगळा आटापला की तुका कळवीन." चहा मात्र दिला, सोबत खारीही दिली.

मामा गेल्यानंतर मामीही खचल्या. दौंडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आशा सोडली, त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला. मी स्पीकर लावला. त्याने खोकत खोकत विचारलं, "ताई कशी आसा?" मी मामींकडे पाहिलं. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं.

"बऱ्या आहेत, झोपल्यात," मी म्हणाले.

"दिवाळीक येतंय म्हणान सांग तिका."

फोन बंद झाला तशा मामी रडायला लागल्या. "थेट आईवानी खोकतोय गं," एवढंच बोलल्या. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

दहावं झाल्यावर मी फोन केला. रडत रडत त्याने विचारलं, शेवटी माझ्याबद्दल काही बोलली का?

"नाही," मी म्हणाले.

असं खोटं बोलायला मामींनी सांगितलं नव्हतं. हे माझं मी केलं, आणि मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.