आईचे रागाचे कन्नड

अळणावरच्या फलाटावरून गाडी हलली, तेव्हा माझी पाण्याची बाटली बाकावरच राहिली होती. आईने ती उचलली आणि खिडकीबरोबर धावत, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा कन्नडमध्ये मला झापले, "निनग बुद्धी ऐतेन, हुच्ची?" अक्कल आहे का तुला, वेडे! बाटली आत आली, आई मागे राहिली. अप्पा डब्यावरचा नंबर वाचत उभे होते.

आमच्या घरात जेवण, पूजा, गप्पा मराठीत. राग मात्र कन्नडमध्ये. हे कोणी ठरवले नव्हते. अप्पा तर आईला म्हणत, "मराठीत रागावलीस तर मला कळायचंच नाही बघ."

मी शिकायला निघाले होते ते धारवाड तासाभरावर आहे. पुण्या-बंगळूरला गेलेल्या मैत्रिणींनो, हे तुम्हाला घर सोडणे वाटणारही नाही; मलाही त्या शब्दांचा संशय येतो. पण हॉस्टेलच्या कॉटवर ओला टॉवेल टाकावा आणि कोणी काहीच बोलू नये, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी आम्ही मूठभर मुलींनी मराठी घेतली होती. मॅडमना मी फलाटावरचा निरोप लिहून दिला. त्यात आईचे डोळे पाणावले होते आणि गाडीने जड मनाने शीळ घातली होती. मॅडमनी पाणावलेल्या डोळ्यांखाली रेघ ओढून बाजूला एकच शब्द लिहिला: "खरंच?" मला राग आला, मग लाज वाटली. उत्तराशी जुळावे म्हणून प्रयोगातली रीडिंग बदलणाऱ्यांना मी हसत असे, आणि इथे मी तेच केले होते. मी आईचे डोळे कोरडे केले. बाटली, धावणे, कन्नड, सगळे घडले तसे लिहिले. लेख कॉलेजच्या भित्तिपत्रकावर लागला. त्या एका शब्दाने मला लिहायला शिकवले. तोच शब्द मी पुढे प्रत्येक वाक्याला विचारू लागले, आणि हळूहळू प्रत्येक माणसालाही.

लेखाचा फोटो कोणीतरी काढला आणि तो माझ्याआधी अळणावरला पोहोचला.

दसऱ्याच्या सुट्टीत घरी गेले, तर आई दारात म्हणाली, "ये. प्रवास बरा झाला का?" तासाभराच्या प्रवासात बरेवाईट काय व्हायचे? मी चिखलाच्या चपला घालून मुद्दाम स्वयंपाकघरापर्यंत गेले. "असू दे," ती शांतपणे म्हणाली, "मी पुसून घेते." मराठीत. शेजारच्या शारदक्का उंबऱ्यावरच थबकल्या. "हळू बोला बाई, लेखिका आल्यात! उद्या आपण भिंतीवर." सगळे हसले, आईही हसली. मी तिचे हसणे तपासले. ते ओठांपुरतेच होते.

चमचाभर गरम पाण्यात थर्मामीटर बुडवला, तर तो स्वतःच थोडी उष्णता शोषतो आणि जे मोजायचे तेच बदलते. परीक्षेत या उत्तराला गुण मिळतात. घरात मात्र माझ्या समोर तोलूनमापून बोलणारी एक बाई होती, आणि तिच्या एकाही वाक्यावर माझा विश्वास बसत नव्हता. चहा आवडला का, हेही मला विचारले जात होते. ही आई अशीच राहिली, तर मला परत यायला घर उरणार नव्हते आणि लिहायला खरे काही उरणार नव्हते.

शेवटी अप्पांना गाठले. चष्मा पुसत ते म्हणाले, "ती म्हणते, पोरगी शिकलेल्यांत बसते, आणि तिथं मी फलाटावर वरडणारी बाई झाले."

सगळे खरे लिहिले होते मी. खऱ्याने कोणी दुखावले जाईल, हे गृहीतकांत नव्हते.

निघायच्या सकाळी आई भाकऱ्या थापत होती. समजुतीचे चार शब्द बोलायचे मनात होते. तोंडून निघाले ते असे, "दिवाळीला मी येत नाही. म्हणजे तुम्हाला मोकळेपणी बोलता येईल."

पिठाचा हात तसाच हवेत राहिला. आणि मग, "निनग बुद्धी ऐतेन, हुच्ची?" पुढचे सारे कन्नड मला इथे मावणार नाही. स्वतःच्या घरी यायला मुहूर्त लागतो काय, चार ओळी भिंतीवर लागल्या म्हणून पाहुणी झालीस काय, आणि त्या चपला, त्या चिखलाच्या चपला, सुट्टीभर गिळून ठेवलेल्या! माझ्या आत सवयीने तो शब्द उठला: खरंच? की माझी समजूत काढण्यासाठी? तेवढ्यात वास आला. तव्यावरची भाकरी करपून काळी झाली होती. माझी आई कितीही सोंग घेईल, पण त्यासाठी भाकरी जाळणार नाही. इतका भक्कम पुरावा मला लॅबमध्ये कधी मिळालेला नाही.

आईने भाकरी उलथली, माझ्याकडे पाहिले आणि एकदम सावध झाली. "हे पण लिहिणार काय?"

"नको म्हणालीस तर नाही."

तिने दुसरी भाकरी तव्यावर टाकली. "लिही. पण वरडली म्हणून लिहू नको. बोलली म्हणून लिही. आणि ती करपलेली तूच खा."

आता कोणी मला घर कुठे असे विचारले, तर मी अळणावर सांगते आणि मनात म्हणते, जिथे मला अजून झापतात तिथे. दिवाळीला गेले होते. चपला बाहेर काढल्या.

तर लिहिते: त्या सकाळी आई बोलली. शारदक्का हातातली घागर टाकून धावत आल्या, इतकी बोलली.